कोरियन कंपनीतली उतरंड आणि तिचे नवे कायदे

कोरियन कंपनीशी व्यवहार जुळायला लागला की कुठून तरी एक यादी हाती येते. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे आणि दोन्ही हातांनी घ्यावे, मिळालेले कार्ड लगेच खिशात कोंबू नये, कमरेतून किंचित वाकावे, टेबलावरच्या ज्येष्ठाने चमचा उचलेपर्यंत जेवायला सुरुवात करू नये, भातात चॉपस्टिक उभ्या खुपसू नयेत, जिवंत माणसाचे नाव लाल शाईने लिहू नये, आपला प्याला आपणच भरू नये. यादीत चुकीचे काही नाही. पण ती पाठ करून गेलेला माणूस पहिल्या बैठकीत शोभून दिसतो आणि तिसऱ्या बैठकीत गोंधळतो. हात कुठे ठेवायचे ते यादी सांगते. समोर बसलेल्या पाच जणांत कुणाचा शब्द चालतो, ते सांगत नाही. शिवाय ती बहुधा तीस वर्षांपूर्वीच्या कोरियाची असते. आजच्या कोरियात यातल्या बऱ्याच रीती वादात सापडल्या आहेत, काहींवर तर थेट कायदा झाला आहे.

सुरुवात नावापासून करावी लागते. किम, ली आणि पार्क या तीन आडनावांत दक्षिण कोरियाची जवळपास ४५ टक्के लोकसंख्या सामावते. एका खात्यात चार किम सहज निघतात, आणि हाक मारताना नुसते आडनाव वापरणे तसेही उद्धटपणाचे. म्हणून आडनावाला हुद्दा जोडतात आणि हुद्द्याला 'निम' हे आदराचे शेपूट: किम बुजांगनिम, पार्क ग्वाजांगनिम. आपल्याकडे 'भाऊसाहेब' म्हटल्याने आदर कळतो, पण माणूस कारकून आहे की कार्यकारी अभियंता ते कळत नाही. तिथे हाक ऐकली की पायरी कळते. पारंपरिक शिडी अशी: नवा कर्मचारी सावोन, मग देरी, ग्वाजांग, छाजांग आणि खात्याचा प्रमुख बुजांग. त्याच्या वर संचालक पातळीचे सांग्मू आणि जनमू, मग कंपनीचा प्रमुख साजांग, आणि अनेक कंपन्यांचा समूह असेल तर सर्वांच्या माथ्यावर ह्वेजांग. दोन्ही हातांनी घेतलेले ते कार्ड नीट वाचायचे ते यासाठी. पुढच्या तासाभरात कोण कुणाशी कसे बोलणार, दारापासून सर्वांत लांबच्या, मानाच्या खुर्चीवर कोण बसणार आणि दाराजवळ कोण, हे त्या कार्डावरून ठरते.

भाषेतही हीच पायरी मुरलेली आहे. मराठीत तू, तुम्ही आणि आपण आहेत. कोरियनमध्ये सर्वनाम शक्यतो टाळतातच आणि आदराचा सगळा भार क्रियापदाच्या शेपटावर टाकतात. वय, हुद्दा आणि ओळख बघून प्रत्येक वाक्याचा शेवट बदलावा लागतो. त्यामुळे नव्या ओळखीत वयाची चौकशी होते ती भोचकपणाने नव्हे. वाक्य पुरे करायला ती माहिती लागते. हे वळण इतके अंगवळणी पडले आहे की गिऱ्हाइकाला दुखवायला नको म्हणून कॉफीच्या दुकानातली मुले कॉफीलाच आदरार्थी क्रियापद लावतात: 'कॉफी आल्या आहेत' अशा थाटात. भाषेचे जाणकार हे व्याकरणात बसत नाही म्हणून कानीकपाळी ओरडतात, पण काउंटरवरच्या मुलाला व्याकरणापेक्षा गिऱ्हाइकाची भीती जास्त.

हे सगळे कन्फ्यूशियसचे देणे, असे एका वाक्यात सांगून बहुतेक पुस्तके मोकळी होतात. ते अर्धेच खरे आहे. १३९२ ते १९१० या जोसन राजवटीत कन्फ्यूशियसपंथी विचार हा राज्याचा पाया होता, आणि थोरल्या-धाकट्याचा क्रम हे त्यातल्या पाच नात्यांपैकी एक, हे खरेच. पण जोसनकाळी कंपन्या नव्हत्या आणि व्यापाऱ्याला समाजात फारसा मान नव्हता. आजची कार्यालयीन शिस्त घडली ती फार अलीकडे. १९६१ मध्ये पार्क चंग-ही यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली आणि पुढची अठरा वर्षे निर्यातीची लक्ष्ये ठरवून उद्योगसमूहांना कामाला जुंपले. कंपनीत येणारा जवळपास प्रत्येक पुरुष सक्तीची लष्करी नोकरी करून येत होता, आजही येतो. सॅमसंगने १९५७ मध्ये खुल्या परीक्षेने तुकडीच्या तुकडी भरती करण्याची पद्धत सुरू केली आणि ती इतरांनी उचलली. एकाच वर्षी आलेल्यांची एक तुकडी, त्यांचे एकत्र प्रशिक्षण, आणि आधीच्या तुकडीला कायमचा मान. या रचनेला छावणीचा वास आहे, गुरुकुलाचा कमी. म्हणूनच ती बदलूही शकते. पन्नास-साठ वर्षांत घडलेली गोष्ट पाच-दहा वर्षांत ढिली होते. ह्युंदाई मोटरने २०१९ मध्ये ही तुकडीभरती बंद केली, आणि आता बड्या समूहांत ती जपणारा सॅमसंग जवळपास एकटाच उरला आहे.

संस्कृतीने सगळे समजावून सांगण्याचा मोह किती फसवा असतो याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ६ ऑगस्ट १९९७ रोजी कोरियन एअरचे विमान ग्वामच्या धावपट्टीअलीकडच्या टेकडीवर आदळले आणि २२८ जण मेले. माल्कम ग्लॅडवेल यांनी 'आउटलायर्स' या पुस्तकात याचा संबंध उतरंडीशी जोडला: सहवैमानिक कॅप्टनला स्पष्ट शब्दांत टोकू शकले नाहीत. ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांतून जगभर सांगितली गेली. अमेरिकी तपासणीचा अहवाल मात्र बराच रुक्ष आहे. कॅप्टनने उतरण्याची आखणी नीट केली नाही, बाकी दोघांनी त्यावर लक्ष ठेवले नाही, हे त्यात आहेच. पण कॅप्टनचा थकवा, कंपनीचे अपुरे प्रशिक्षण आणि विमान फार खाली आल्याचा इशारा देणारी जमिनीवरची यंत्रणा मुद्दाम निकामी करून ठेवलेली असणे हेही आहे. उतरंडीने माणूस गप्प बसतो हे मान्य. पण प्रत्येक अपयशाला 'त्यांची संस्कृतीच तशी' म्हणणे ही बाहेरच्या माणसाची सोय असते.

उतरंड सैल केल्यावर काय होते याचे कोरियनांना आवडणारे उदाहरण फुटबॉलचे आहे. डच प्रशिक्षक हूस हिडिंक यांनी २००२ च्या विश्वचषकाआधी खेळाडूंना मैदानात आदरार्थी बोलणे सोडायला लावले. धाकट्याने थोरल्याला चेंडू मागताना वाक्याचे शेपूट जुळवत बसू नये, एवढाच हेतू. संघ उपांत्य फेरीत पोचला. विजयाची इतर कारणेही होती, पण पुढे कंपन्यांच्या प्रशिक्षणात 'हिडिंकची पद्धत' हा धडाच झाला.

आता व्यवहाराच्या गाभ्याकडे. कोरियन कंपनीत निर्णय चढत जातो. तळाचा कर्मचारी प्रस्ताव लिहितो. मग तो कागद, हल्ली बहुधा पडद्यावर, देरीपासून वर सरकत जातो आणि प्रत्येक पायरीवर मंजुरी घेतो. या साखळीला ग्योलजे म्हणतात. बाहेरच्याला बैठकीत गोड बोलणारा बुजांग भेटतो आणि वाटते की काम झाले. ते झालेले नसते. त्या बुजांगाला वर पाठवायला कागद हवा असतो, आणि तो कागद त्याच्या मागे शांत बसून टिपणे काढणारा सावोन लिहिणार असतो. म्हणून भाव, वेळापत्रक, नकाशे यांची नेटकी लेखी माहिती त्या कनिष्ठाच्या हाती पोचवणे हे बुजांगाला कितीही लवून केलेल्या नमस्कारापेक्षा उपयोगाचे. दुसरे, 'गॉमतो करू', म्हणजे तपासून बघू, हे उत्तर आले तर त्याला होकार समजू नये. पुष्कळदा तो नकारच असतो, चारचौघांत तोंडावर न मारलेला. सर्वांसमोर 'नाही' म्हणणे दोघांचाही चेहरा उतरवते. खरे कारण नंतर, एकट्याने विचारले तर कळते. भारतीयाला हे अवघड जाऊ नये. 'बघतो, करून टाकू' म्हणून काम लटकवण्याची कला आपल्यालाही येते. फरक असा की साखळीच्या टोकावरून होकार आला की कोरियन कंपनी झपाट्याने हलते, आणि समोरच्यानेही त्याच रात्रीपासून हलावे अशी तिची अपेक्षा असते. पालि-पालि, म्हणजे लवकर-लवकर, हा शब्द कोरियन वरिष्ठांच्या हाताखाली काम केलेल्या कुणालाही शिकवावा लागत नाही.

बैठकीइतकेच महत्त्व संध्याकाळच्या जेवणाला, म्हणजे ह्वेशिकला. मांस भाजायची शेगडी मध्ये, भोवती खाते, आणि सोजू. इथला शिष्टाचार बारीक आहे: वरिष्ठाचा प्याला दोन्ही हातांनी भरायचा, आपला दोन्ही हातांनी पुढे करायचा, त्याच्यासमोर पिताना मान थोडी वळवून प्यायचे. जेवण झाले की दुसरी फेरी बिअरच्या दुकानात, तिसरी गाण्याच्या खोलीत, नोरेबांगमध्ये. बैठकीत न बोललेले इथे बोलले जाते, म्हणून परदेशी माणसाला ह्वेशिक चुकवू नका असे बजावतात. पण या जेवणाची दुसरी बाजू कोरियन कर्मचारी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. नको असताना पाजलेली दारू, घरी जायला झालेला उशीर, आणि विशेषतः स्त्रियांवर होणारी जबरदस्ती. २००७ मध्ये सोलच्या उच्च न्यायालयाने एका कर्मचारी महिलेला दारू प्यायला भाग पाडणाऱ्या वरिष्ठाला तीन कोटी वॉनची भरपाई द्यायला लावली. २०१२ मध्ये सॅमसंगने '११९' मोहीम काढली: एकाच प्रकारची दारू, एकच फेरी, नऊच्या आत समाप्त. ११९ हा तिथला अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक, त्यामुळे विनोद आपोआप साधला. करोनाने उरलेले काम केले. आज न पिणाऱ्याने तब्येतीचे किंवा धर्माचे कारण सुरुवातीलाच नम्रपणे सांगितले आणि दुसऱ्यांचे प्याले भरत राहिले तर कुणाचे काही बिघडत नाही. शाकाहारी माणसाची अडचण त्याहून मोठी, कारण निरुपद्रवी दिसणाऱ्या किमचीतही बहुधा माशांचा अर्क असतो. ते आधीच विचारून घ्यावे.

भेटवस्तूंच्या बाबतीत जुनी यादी नुसती अपुरी नाही, ती धोक्याची आहे. सोल्लाल आणि छुसोक या दोन सणांना कोरियन कंपन्या ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना भेटपेट्या पाठवतात. फळे, बीफ, खाद्यतेल आणि चक्क स्पॅम, म्हणजे डबाबंद मांस, यांच्या सजवलेल्या पेट्या दुकानांतून रचलेल्या असतात. खासगी व्यवहारात हे चालू आहे. पण समोरचा सरकारी अधिकारी, शिक्षक किंवा पत्रकार असेल तर गणित वेगळे. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश किम यंग-रान यांनी भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या प्रमुख असताना एक कायदा सुचवला. सेवोल नौका दुर्घटनेनंतर नोकरशाही आणि उद्योग यांच्या साटेलोट्यावर लोक संतापलेले असताना, २०१५ मध्ये तो संमत झाला आणि २८ सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला. त्याने मर्यादा घातली: जेवण ३० हजार वॉनपर्यंत, भेट ५० हजारांपर्यंत. सोलच्या उपाहारगृहांनी लगेच २९,९०० वॉनची थाळी काढली आणि तिला लोकांनी किम यंग-रान थाळी असेच नाव दिले. २०२४ मध्ये जेवणाची मर्यादा ५० हजार वॉन झाली, पण कायदा तसाच कडक आहे. 'नाते जुळवायला भेट द्या' हा जुना सल्ला ऐकून महागडी पैठणी किंवा चांदीचा गणपती घेऊन एखाद्या सरकारी संस्थेच्या दारात गेलेला पाहुणा यजमानालाच अडचणीत टाकतो.

एक प्रथा मात्र फारशी बदललेली नाही, आणि परदेशी मार्गदर्शकांत तिचा उल्लेख क्वचित सापडतो. सहकाऱ्याच्या घरी लग्न असो की मृत्यू, पांढऱ्या पाकिटात पैसे घालून स्वतः जायचे. रक्कम तीस, पन्नास, सत्तर हजार अशी विषम, किंवा सरळ एक लाख वॉन. अंत्यविधी बहुधा रुग्णालयाला जोडलेल्या दालनात असतो, दाराशी नोंदवही असते, आणि कुणी किती दिले याची आठवण कुटुंब ठेवते, कारण पुढे तेवढेच परत करायचे असते. व्यवसायातल्या माणसाच्या आईवडिलांच्या मृत्यूला रात्री उशिरा का होईना हजर राहिलेला माणूस तो विसरत नाही. मला विचाराल तर त्या सगळ्या यादीतली एकच गोष्ट निवडायची झाली तर ही निवडावी.

आता उतरंडीच्या काळ्या बाजूकडे. करारनाम्यात पहिल्या पक्षाला 'गाप' आणि दुसऱ्याला 'उल' म्हणायची पद्धत आहे. काम देणारा गाप, घेणारा उल. यातूनच वरचढपणाच्या माजाला 'गापजिल' हा शब्द रूढ झाला. २०१३ मध्ये नामयांग या दूधकंपनीच्या विक्री कर्मचाऱ्याने आपल्याहून वयाने मोठ्या वितरकाला फोनवर केलेल्या शिवीगाळीचे ध्वनिमुद्रण बाहेर आले आणि देशभर बहिष्कार सुरू झाला. लक्षात घ्या, इथे वयाचा मान करारातल्या जागेपुढे टिकला नाही. काही कंपन्यांनी मग करारांतून गाप आणि उल हे शब्दच काढले. पुढच्या वर्षी, ५ डिसेंबर २०१४ रोजी, न्यूयॉर्कच्या विमानतळावर कोरियन एअरच्या उपाध्यक्ष आणि अध्यक्षांच्या कन्या चो ह्यन-आ यांनी मॅकाडेमियाचे दाणे बशीत न देता पाकिटात दिले म्हणून धावपट्टीकडे निघालेले विमान परत फिरवायला लावले आणि मुख्य कर्मचाऱ्याला उतरवले. त्यांना खालच्या न्यायालयात एक वर्षाची शिक्षा झाली. अपिलात ती स्थगित झाली. मार्च २०१९ मध्ये भागधारकांनी त्यांचे वडील चो यांग-हो यांना संचालक मंडळातून मतदानाने बाहेर काढले. बड्या घराण्याच्या प्रमुखावर अशी वेळ कोरियात पहिल्यांदाच आली.

त्याच वर्षी १६ जुलैपासून कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाविरुद्धच्या तरतुदी कामगार कायद्यात लागू झाल्या. पदाचा किंवा नात्याचा फायदा घेऊन कामाच्या मर्यादेपलीकडे शारीरिक वा मानसिक त्रास देणे म्हणजे छळ, आणि तक्रार आल्यावर मालकाने चौकशी करायलाच हवी. कामाच्या तासांचेही तसेच. आठवड्याला ६८ तासांपर्यंत जाणारी मर्यादा २०१८ पासून टप्प्याटप्प्याने ५२ वर आली. २०२३ मध्ये सरकारने ती पुन्हा सैल करून काही आठवड्यांत ६९ तासांपर्यंत नेण्याचा विचार बोलून दाखवला तेव्हा तरुण नोकरदारांनी असा ओरडा केला की सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले.

तरुणांच्या या रागाचे मूळ १९९७ मध्ये आहे. त्या वर्षीच्या आर्थिक संकटाला कोरियन लोक आजही नुसते 'आयएमएफ' म्हणतात. त्याआधीचा अलिखित सौदा असा की कंपनीसाठी रात्री जागा, वरिष्ठाचे बोल सोसा, कंपनी तुम्हाला निवृत्तीपर्यंत सांभाळेल. संकटात लोकांनी देशासाठी घरातले सोने दिले, आणि कंपन्यांनी हजारोंना घरी बसवले. १९९९ मध्ये देऊसारखा समूहच कोसळला. सौद्याची एक बाजू तुटल्यावर दुसरी पाळायची कशाला, हा मुलांचा प्रश्न रास्त आहे. 'आमच्या वेळी' असे म्हणून उपदेश करणाऱ्या वरिष्ठाला ती 'क्कोंदे' म्हणतात, आणि आपण क्कोंदे ठरू या धास्तीने आजचे बुजांग ह्वेशिकचे आमंत्रण देतानाही चाचरतात.

कंपन्यांनी हे ओळखले आहे, निदान हाकेपुरते. सीजे समूहाने २००० मध्येच हुद्दे वगळून सर्वांना नावापुढे नुसते 'निम' लावायचे ठरवले. काकाओ या इंटरनेट कंपनीत सगळे इंग्रजी नावाने वावरतात. संस्थापक किम बॉम-सू तिथे ब्रायन. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सने २०१७ मध्ये सात पायऱ्यांच्या चार केल्या, आणि २०२३ मध्ये अध्यक्ष ली जे-योंग यांनाही नुसते 'जेवाय' म्हणायची मुभा दिली. एलजीचे कू क्वांग-मो २०१८ मध्ये चाळिशीत समूहप्रमुख झाले तेव्हा त्यांनी ह्वेजांग नको, प्रतिनिधी म्हणा, असे सांगितले. माझे मत विचाराल तर याने ग्योलजेची साखळी फारशी आखूड झालेली नाही. ब्रायन म्हणून हाक मारली तरी मंजुरी वरूनच यावी लागते, आणि मालकी घराण्याच्या चौथ्या पिढीकडेच जाते. कार्डावरून हुद्दा गायब झाल्याने बाहेरच्याचे काम उलट अवघड झाले आहे. आता कुणाचा शब्द चालतो हे कुणी सांगणार नाही. बसण्याची जागा आणि बोलण्याचा क्रम बघून ते ताडावे लागते.

कोरियन माणूस वरिष्ठापुढे मान तुकवतो म्हणजे तो मुकाट असतो असा अर्थ काढणाऱ्यांनी तिथल्या कामगार संघटनांकडे बघावे. सांगयाँग मोटरच्या प्योंगटेक कारखान्यात २००९ मध्ये कपातीविरुद्ध कामगार ७७ दिवस ठाण मांडून बसले होते. मुंबईच्या महिंद्र समूहाने २०११ मध्ये ही कंपनी घेतली तेव्हा त्या कामगारांचा प्रश्नही आपसूक त्यांच्या पदरात पडला. २०२० मध्ये महिंद्रने आणखी भांडवल ओतायचे नाकारले आणि वर्षअखेरीस सांगयाँग पुन्हा न्यायालयाच्या दारात गेली. त्याआधी, २००४ मध्ये, टाटा मोटर्सने गुन्सानची देऊ व्यावसायिक वाहन कंपनी १० कोटी २० लाख डॉलरना घेतली होती. माहितीपत्रके कोरियनमध्ये केली, कारभार कोरियन अधिकाऱ्यांकडे ठेवला, आणि ती कंपनी आजही चालू आहे. एकाचे यश आणि दुसऱ्याचे अपयश शिष्टाचाराने ठरले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, सांगयाँगची दुखणी जुनीच होती. पण मालक बाहेरचा असतानाही कामगार, पुरवठादार आणि गाव यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलावे लागते, एवढे दोन्हींत दिसते.

उलट दिशेने आलेली कोरियन उतरंड महाराष्ट्राच्या अंगणात आहेच. रांजणगावला एलजी, रायगडमधल्या विळे-भागाडला पोस्को, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ह्योसंग, आणि जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेऊन ह्युंदाई. इथल्या अभियंत्यांना पालि-पालि आणि ग्योलजे दोन्ही भेटतात. सॅमसंगने मायदेशात अनेक दशके जपलेले संघटनामुक्त धोरण मे २०२० मध्ये ली जे-योंग यांनी जाहीर माफी मागून सोडले. तरीही २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या तिच्या श्रीपेरुंबुदूर कारखान्यातल्या कामगारांना मुख्यतः संघटनेच्या मान्यतेसाठीच ३७ दिवस संप करावा लागला. जे सोलमध्ये कायद्याने वा लाजेने सुटले ते इथे आपोआप सुटत नाही. तेव्हा तळेगाव-रांजणगावात रुजू होणाऱ्यांनी हुद्द्यांची शिडी पाठ करावी, नमस्कारापुरते कोरियन शिकावे, दिवसाचा अहवाल वेळेत लिहावा. आणि रागावणे, थांबवून ठेवणे, रात्री अकराला फोन करणे ही 'कोरियन पद्धत' आहे असे कुणी सांगितले तर त्याला २०१९ च्या त्या तरतुदींची आठवण करून द्यावी.